दोन रेघा

"तू समोर बस," तो म्हणाला.

तीन शब्द, एकापाठोपाठ एक, मध्ये कुठेही न अडखळता. सकाळची वेळ होती आणि ती गुडघ्यांवर बसून नवऱ्याच्या उजव्या पायात बूट चढवत होती. पक्षाघाताच्या झटक्यानंतर गेल्या दोन वर्षांत त्याच्या तोंडून एवढं सलग वाक्य आलं नव्हतं. वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी तिला एक वही घालायला सांगितली होती. नवा शब्द आला की तारीख टाकून लिहायचा. खरं तर तिने तिथल्या तिथे उठून वही आणायला हवी होती. पण हातातली नाडी हातातच राहिली. समोर म्हणजे कुठे, असं तिने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं की आपण वेड पांघरतोय. त्याने डावा हात लांब करून हवेत खुर्च्यांची एक रांग काढून दाखवली. मग आज प्रयोगाला विंगेत कोण, संहिता कुणाच्या हातात, अडलं तर काय, असं तिने एका दमात विचारलं. त्याने नुसती मान हलवली. कुणी नाही. तिने नाडीची गाठ मारली, त्या गाठीवर दुसरी मारली, इतकी घट्ट की पाय शुद्धीवर असता तर तो ओरडला असता. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. दोन्ही गाठी सोडून तिने पहिल्यापासून बांधायला घेतलं.

पलंगावर तिची पिशवी भरून तयार होती. छोटी बॅटरी, नवे सेल घातलेली, दोन पेन्सिली, दोन्हींना टोक काढलेलं, चष्मा, पाण्याची बाटली. एकतीस वर्षं प्रयोगाच्या दिवशी हीच पिशवी अशीच भरली जायची. नाटक कंपनीत तिला सगळे कुजबूज म्हणायचे. अगदी नवखे नटसुद्धा, 'कुजबूज मावशी आल्या का' असं विचारायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. ती कंपनीत आली होती शेजारणीचं काम करायला, तेही दोन वाक्यांचं. पण तिचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हिचा आवाज पोचत नाही हे खरं, पण हिची कुजबूज मात्र जिथे पोचायला हवी तिथेच पोचते, एक हातही पुढे नाही. त्या दिवसापासून ती उजव्या विंगेत एका स्टुलावर बसली ती बसलीच. नट विसरला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, हे तिचं काम. पुष्कळांना ते हमालीसारखं वाटतं. वही धरून बसायचं, त्यात काय एवढं. शब्द देणं सोपं असतं हे तिलाही मान्य होतं. अवघड असतं ते न देणं. नट थांबला म्हणजे विसरला असं नसतं, कधी तो मुद्दाम थांबतो, आणि त्या थांबण्यात तुम्ही शब्द टाकलात तर त्याने महिनाभर घासून पुसून ठेवलेली शांतता पायाखाली तुडवली जाते. म्हणून ती तालमीतच पेन्सिलीने खुणा करून ठेवायची. श्वासाला एक टिंब, थांबण्याला एक रेघ. आणि लांब थांबण्याला दोन रेघा. दोन रेघा म्हणजे जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही.

नवऱ्याच्या बाबतीत तर तिला रेघांचीही गरज पडत नसे. तो खरंच विसरला की त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, नोटा मोजल्यासारखा. चेहरा राजाचा असो की भिकाऱ्याचा, अंगठा खोटं बोलायचा नाही. अंगठा स्वस्थ असेल तर ती गप्प, हलला की शब्द हजर. बाकीच्या जगाने त्याचा चेहरा पाहिला होता. तिने एकतीस वर्षं त्याचा उजवा कान पाहिला, मानेवरची शीर पाहिली आणि अंगठा पाहिला. त्याचं एकही नाटक तिने समोरून पाहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर ती हसून म्हणायची की मला कुठे तिकीट परवडतं. आता तिकीटच नव्हतं. महोत्सव मोफत होता, आणि नवरा सांगत होता, समोर बस.

महोत्सव म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. वस्तीतल्या वाचनालयाच्या सभागृहात तीन दिवस नाच, नाटकं, मूकाभिनय असं काहीबाही होणार होतं. अट एकच, जे दाखवायचं ते नवं हवं, आधी कुठेही न झालेलं. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं, बसावंसं वाटेल तोवर बसावं. हे सगळं तिच्या भाचीने, थोरल्या बहिणीच्या मुलीने, आणि तिच्या मित्रमंडळींनी उभं केलं होतं. याच भाचीने चार महिन्यांपूर्वी घरी येऊन, काका तुमच्याबरोबर एक छोटंसं काम करायचंय, असं म्हटलं होतं. ज्या माणसाला धड मीठ मागता येत नाही त्याला रंगमंचावर उभं करायचं? लोक हसतील, हळहळतील, दोन्ही वाईट. ती तसं बोललीही. पण नवऱ्याने भाचीकडे बघून अशी काही मान डोलावली की ती चहा टाकायला उठली. मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती त्याला भाचीच्या दारापर्यंत सोडायची. आत नको, असं तो डाव्या हाताने सांगायचा. ती बाजारात जाऊन वेळ काढायची, नको असलेली भाजी घ्यायची आणि मनाची समजूत घालायची की शेवटच्या आठवड्यात संहिता आपल्याकडेच येणार, जाते कुठे. शेवटचा आठवडाही गेला. संहिता आली नाही. तरी तिने काल पेन्सिलींना टोकं काढली होती.

बसने दोनच थांबे जायचं होतं. खिडकीशी तो, पलीकडे ती. त्याचा मेलेला उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. त्या अंगठ्याकडे तिचं लक्ष गेलं. दोन वर्षं तो हललेला नव्हता. आणि तिच्या मनात जो विचार आला तो यापूर्वी कधी आला नव्हता, याचंच तिला नवल वाटलं. तो अंगठा बंद पडल्यापासून नवरा कधी विसरतो आणि कधी नुसता थांबतो, हे तिला कशावरून कळत होतं? कशावरूनच नाही. दवाखान्यातून घरी आणल्यावर तो "तू—" असं म्हणून थांबायचा, तिच्याकडे बघत राहायचा, आणि ती ताबडतोब शब्द पुरवायची. पाणी? चष्मा? पंखा? तो क्षणभर बघायचा, मग मान हलवायचा, हो. ती धावत जाऊन पाणी आणायची. तो सगळं पिऊन टाकायचा. वाचेच्या बाई म्हणाल्या होत्या की थोडं थांबत जा, त्यांचा शब्द त्यांना शोधू द्या. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. एकतीस वर्षं ज्या कामाचं मीठ खाल्लं ते ही कालची पोर मला शिकवणार, असं तिने घरी येऊन नवऱ्यालाच ऐकवलं होतं. तो हसला होता, वाकड्या झालेल्या ओठाने, अर्धा.

सभागृहाच्या दाराशी भाची भेटली. तिने काकाचा हात धरला, मावशीच्या पिशवीकडे पाहिलं, आणि मावशी, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मधली खुर्ची राखून ठेवलीय, असं नजर चुकवत म्हणाली. म्हणजे हे ठरलेलं होतं. दोघांनी मिळून ठरवलं होतं. तिला एकदम परकं वाटलं. वर्षानुवर्षं ज्या घराची किल्ली आपल्याकडे होती त्याच घराची घंटा वाजवून बाहेर उभं राहावं लागावं, तसं. खुर्चीवर बसल्यावर पहिली गोष्ट तिच्या लक्षात आली ती ही, की समोरून रंगमंच फार उजेडी असतो. विंगेतून अंधार दिसतो, दोऱ्या दिसतात, घाम दिसतो. इथून सगळं उघडं आणि सपाट होतं, आणि आपणही सगळ्यांना दिसतोय असं वाटून तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. शेजारी एक जाडजूड बाई भाजीची पिशवी पायांत ठेवून बसली होती. ती आपणहून म्हणाली की फुकट आहे, पंखा आहे, उन्हात चालून पाय दुखले होते, म्हणून आले. मग तिने विचारलं, तुमचं कोणी आहे का यात? कुजबूज काहीतरी पुटपुटली. हो म्हणायला तिला का कोण जाणे धीर झाला नाही.

पहिल्यांदा दोन मुली एका लांब दोरखंडाशी नाचल्या. ते तिला आवडलं, कारण दोरखंडाची गाठ कुणी तरी नाटकातल्या माणसाने मारलेली दिसत होती. मग एका तरुणाने पंधरा मिनिटं एक खुर्ची इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेली. भाजीवाल्या बाईने, आमच्याकडे पाहुणे यायचे असले की मी हेच करते, असं मोठ्याने सांगितलं आणि मागची रांग फिसकन हसली. लोक उठत होते, नवे येत होते, दार करकरत होतं. तिकिटाच्या नाटकात माणूस कंटाळला तरी पैसे वसूल करायला बसून राहतो. इथे कुणाला काही बांधलेलं नव्हतं. आपला माणूस अडखळला तर हे लोक दुसऱ्या मिनिटाला पाय काढता घेतील, हे तिला स्पष्ट दिसलं. तो विंगेत एकटा उभा असेल. त्याच्या मानेवरची शीर कशी असेल आत्ता? भाचीने दाराशी हातात दिलेला कार्यक्रमाचा कागद तिने उलगडला. 'पाणी. नवी एकपात्री. बारा मिनिटं.' पाण्याचा आणि त्याचा काय संबंध, ते तिला कळेना.

तो पाय ओढत आला आणि टेबलामागच्या खुर्चीवर बसला. टेबलावर ओळीने सात पेले होते. त्याचा संपूर्ण चेहरा तिने उजेडात असा पहिल्यांदाच पाहिला, आणि तिच्या मनात आलं ते इतकंच, की हा माणूस देखणा आहे, हे मला कुणी सांगितलं कसं नाही. त्याने पहिला पेला उचलला. "मला म्हणायचं होतं," तो म्हणाला, एकेक शब्द पायरी उतरल्यासारखा, "आज. झोप. लागली नाही." थांबला. "तिने दिलं. पाणी." मग तो पाणी प्याला. घशाची घाटी वरखाली झाली, शेवटचा घोट जड गेला, पेला खाली ठेवताना ओठ पुसले. पेला रिकामा होता. रंगमंचावरचे पेले रिकामेच असतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. तरी तिला पाणी दिसलं. दुसरा पेला. "मला म्हणायचं होतं. रेडिओ. बंद कर." प्याला. तिसरा. "मला म्हणायचं होतं. तुझा. भाऊ. फार बोलतो." प्याला. सभागृह हसलं. भाजीवाली बाई तर गदगदून हसली. चौथ्या पेल्यापर्यंत येताना त्याने पोटावर हात ठेवून असा काही सुस्कारा सोडला की मागून कुणीतरी टाळी वाजवली. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. भाऊ आला होता तो दिवस तिला आठवत होता, तिने पंखा लावला होता, पाणी दिलं होतं, आणि भाऊ बोलतच होता.

पाचवा पेला त्याने उचलला नाही. तो नुसता बोटाने फिरवत राहिला. "नटाने," तो म्हणाला, "दिलेलं. घ्यायचं." हे वाक्य तिचं होतं, म्हणजे तिला सांगितलेलं होतं, पंचवीस वर्षांपूर्वी, सामानाच्या ट्रकमध्ये. त्या दिवशी तिच्याकडून चूक झाली होती. वहीची पानं दमटपणाने एकमेकांना चिकटली होती, त्याचा अंगठा हलला, आणि तिने पहिल्या अंकात तिसऱ्या प्रवेशाचं वाक्य दिलं. त्याने ते घेतलं. खणखणीत म्हटलं. नाटक अकरा पानं पुढे गेलं, धाकट्या भावाचं काम करणारा नट मिशा लावून विंगेत उभा होता तो उभाच राहिला, त्याचा प्रवेशच नाहीसा झाला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. ट्रकमध्ये ती रडायला लागली तेव्हा तो म्हणाला होता, नटाने दिलेलं घ्यायचं. तू दिलंस ते मी घेणार, चूक असो की बरोबर. तिथे उभा राहून तपासत बसलो तर तुझ्यावर विश्वास कसला? तेव्हा तिला ते प्रेमाचं बोलणं वाटलं होतं. होतंच ते. पण तोच माणूस घरात पलंगावर पडून तिने दिलेला प्रत्येक शब्द घेत राहिला, नको असलेलं पाणी पीत राहिला, दोन वर्षं, आणि ती प्रत्येक पेल्याबरोबर स्वतःवर खूश होत राहिली की अजून मला त्याचं सगळं कळतं. तिला ओरडून सांगावंसं वाटलं की तुम्ही एकदा तरी 'नाही' का म्हणाला नाहीत? आणि लगेच कळलं की 'नाही' हाही एक शब्दच होता, आणि त्याला वेळ लागत होता.

सहावा पेलाही तसाच बाजूला झाला. सातवा उरला. त्याने तो स्वतःपुढे ओढला. "मला म्हणायचं होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात. पहिल्या दिवशी. मला म्हणायचं होतं—"

आणि थांबला.

सगळं सभागृह त्याच्याबरोबर थांबलं. सुरुवातीला ते थांबणं चांगलं होतं. मग ते लांबलं. त्याची नजर सवयीने उजव्या विंगेकडे गेली, तिच्या स्टुलाच्या जागेकडे. तिथे कुणी नव्हतं. तिने त्याच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं, तो मांडीवर मुकाट पडला होता. मग, इतकी वर्षं विंगेतून जो तिला कधी दिसलाच नव्हता, तो डावा हात तिला दिसला. पेल्याशेजारी, उजेडात. आणि त्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता. म्हणजे तो खरंच विसरला होता. ओठ आपोआप विलग झाले, जीभ टाळ्याला लागली. पण द्यायचं काय? संहिता तिने पाहिली नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचं पुढचं वाक्य माहीत नव्हतं. तरी तोंडात शब्द गोळा झालेच, पाणी, चष्मा, घर, दुखतंय, कुठलाही दिला असता तर त्याने घेतला असता, तेवढं ती शपथेवर सांगू शकली असती. दार करकरलं. दोघं उठून गेले. मागे कुणीतरी मुद्दाम खोकलं. शेजारची बाई कळवळून म्हणाली, "विसरला बिचारा. सांगा की हो कुणीतरी."

तिने पिशवीत हात घातला, बॅटरी सापडली, ती मुठीत गच्च धरली. पेन्सिल सापडली. आणि भाचीने दिलेल्या त्या कागदावर, 'पाणी' या अक्षरांच्या खाली, तिने न बघता एक रेघ मारली. मग तिच्याशेजारी दुसरी. रेघा वाकड्या आल्या. तिने तोंड मिटलं आणि वर पाहिलं. तो आता तिच्याकडे बघत होता. विंगेत नाही, समोर. ती हलली नाही, मान हलवली नाही, डोळ्यांनीसुद्धा काही सुचवलं नाही; नुसती बसून राहिली, तिथे, त्या खुर्चीवर. किती वेळ ते तिला नंतर सांगता आलं नसतं. केव्हा तरी त्याचा अंगठा हळू झाला. मग थांबला. शब्द अजून आलेला नव्हता, पण अंगठा स्वस्थ होता, आणि आता जे होतं ते विसरणं नव्हतं. मागचा खोकलाही बंद झाला होता.

"ती उठायची," तो म्हणाला. "पाणी. आणायला. प्रत्येक वेळी. उठायची." त्याने सातवा पेला उलटा करून टेबलावर ठेवला. "मला म्हणायचं होतं. तू. समोर. बस."

उजेड उतरला. टाळ्या वाजल्या, कमी नाहीत आणि फार नाहीत, फुकटच्या कार्यक्रमाला वाजतात तेवढ्या. भाजीवाली बाई नाक ओढत होती आणि आपल्या पिशवीला सांगत होती की पंख्यासाठी आले होते हो मी. कुजबूज डोळे पुसायच्या भानगडीत पडली नाही. सकाळी त्याने हेच म्हटलं होतं, बूट घालताना, एकही शब्द न अडखळता, आणि तिने त्यात फक्त आपली हकालपट्टी ऐकली होती. दुहेरी गाठ मारली होती वर. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

मागच्या खोलीत तो एका लाकडी खोक्यावर बसला होता, घामाने भिजलेला. भाचीने दोघांकडे पाहिलं आणि तिला बाहेर काहीतरी काम आठवलं. कुजबूजने त्याच्यासमोर दुसरं खोकं ओढलं आणि त्यावर बसली. खरं म्हणजे तिला पुष्कळ बोलायचं होतं, भावाबद्दल, रेडिओबद्दल, पण ती बोलली नाही. त्याने तोंड उघडलं.

"तू—" तो म्हणाला आणि थांबला.

डझनभर शब्द तिच्या जिभेवर धावत आले. तिने ते सगळे गिळले. बाहेर पुढच्या कार्यक्रमाची घंटा झाली, लोकांची पावलं वाजली, कुणीतरी दोरखंड गुंडाळत होतं. तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा हलत होता. मग हलायचा थांबला. ती वाट बघत राहिली.

"तू," तो म्हणाला, "पाणी. आणलंयस?"

ती बघतच राहिली. मग ती हसायला लागली, इतकी की तिला पिशवीतली बाटली सापडेना. आणि तोही हसत होता, अर्ध्या ओठाने, घसा कोरडा पडलेला. बाटली सापडली. झाकण उघडून तिने ती त्याच्या डाव्या हातात दिली, बसल्याबसल्याच.